शेवटी निघालेला स्क्रू

ढीग: रिकामा

सकाळी नऊला दादा घडीची खुर्ची काखोटीला मारून आला. दुकानाच्या दाराआत, उजव्या हाताला, त्यानं ती उघडली आणि मांडीवर वही घेऊन बसला. दादाचं पोटच तपासणीवर चालायचं. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, चालण्याजोगी असेल तर सही करायची, नसेल तर दारावर लाल पट्टी. वीस वर्षं हे केलं की माणूस झोपाळ्यावर बसतानासुद्धा आधी वर बघतो. आज त्याला बाबांना तपासायचं होतं.

बाबा घड्याळजी. दहा फूट बाय सातचं दुकान, भिंतीवर सतरा घड्याळं, त्यातली दोन एकमेकांशी सहमत. टेबलावर दिवा, भिंग, चिमटे आणि काचेच्या चार टोप्या. उघडलेल्या घड्याळावर धूळ बसू नये म्हणून झाकायच्या.

मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंचं मनगटी घड्याळ त्यातल्या एका टोपीखाली अकरा दिवस उघडं पडून होतं. मध्येच कुणीतरी आलं, बाबा त्यांच्याशी बोलले, दुसरं काम हातात घेतलं आणि पहिलं मनातून पुसलं गेलं. नर्सबाई आल्या तेव्हा बाबा शपथेवर म्हणाले, हे घड्याळ मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

"दुकान बंद करू या, बाबा," दादा तेव्हा म्हणाला होता. "लोक तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात. आता तुम्हीच डोळे मिटायला लागलात."

बाबा बराच वेळ चिमट्याचं टोक पुसत राहिले. मग म्हणाले, "एक दिवस बघ. नऊ ते सहा. एक जरी काम निसटलं तर शटर मीच ओढीन. तुला हात लावावा लागणार नाही."

तो दिवस आजचा.

धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. दादाची अट होती की तिनं तोंडातून अक्षर काढायचं नाही. तिचं म्हणणं ती आधीच बोलून बसली होती, आणि ते टेबलावर दिव्याशेजारी उभं होतं: एक जुना टॅब, त्यावर दोन मोठी बटणं. एक 'ठेवा'. दुसरं 'पुढचं'.

धाकटी प्रोग्रॅम लिहायची. कॉलेजात पहिल्या वर्षी बाईंनी फळ्यावर ढिगाची रचना काढली होती. जे शेवटी ठेवलं तेच आधी निघणार, मधलं ओढून काढायचं नाही. तेव्हा हिनं हात वर केला होता, "बाई, हे आमच्या बाबांचं टेबल आहे." वर्ग हसला होता. पण खरंच तसं होतं. घड्याळ उघडताना बाबा एकेक भाग काढून पांढऱ्या तबकात डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि बसवताना उजवीकडून सुरुवात करायचे. लहानपणी तिला भाजीपाल्याची नावं येण्याआधी हे वाक्य पाठ होतं: शेवटी निघालेला स्क्रू पहिला बसतो.

मग कामांचाही ढीग का करू नये? व्यत्यय आला की 'ठेवा' दाबून टॅबला तोंडी सांगायचं, काय चालू होतं आणि कुठपर्यंत आलं होतं. व्यत्यय संपला की 'पुढचं' दाबायचं. बाबांचाच आवाज बाबांना सांगणार.

"म्हणजे मीच मला हुकूम सोडायचे," बाबा म्हणाले होते.

"आजवर दुसऱ्या कुणाचे ऐकलेत का?"

प्रोग्रॅम असा होता:

ठेव(काम): ढीग[वर] = काम; वर = वर + १
घे(): वर = वर − १; दे ढीग[वर]

खण पाडलेलं कपाट आणि 'वर' नावाचं एक बोट. बोट ज्या खणावर, तिथं पुढचं काम जाणार. ठेवलं की बोट एक खण चढतं, घेतलं की उतरतं. तीन रविवार घालवून तिनं ते सजवलं होतं. एकूण चाळीस ओळी, त्यातली सतरावी सगळ्यात सोपी.

बाबांनी भिंग डोळ्याला लावलं, गजराचं एक जुनं टेबलघड्याळ पुढ्यात ओढलं आणि मागचं झाकण काढलं. "गजर वाजतो, पण वाजायला नको तेव्हा," ते स्वतःशीच म्हणाले. "आमच्या अक्कासारखं." दादाच्या मिशीत काहीतरी हललं. बाबांनी गजराची स्प्रिंग सैल केली, लहान चाक काढलं, तबकात ठेवलं आणि दुसऱ्या चाकाचा स्क्रू अर्धा फिरवला तोच

ढीग: गजराचं घड्याळ

बेकरीवाला आला. कोपरापर्यंत पीठ. "घड्याळकाका, हे बंद पडलं. भट्टीतून पाव काढतो तो याच्यावर. संध्याकाळच्या आत पाहिजे, नाहीतर गावाला कोळसा खायला घालीन."

"सकाळी काय घातलंस?"

"अंदाज."

दादानं घड्याळाकडे पाहून वहीत वेळ टिपली. बाबांनी 'ठेवा' दाबलं आणि टॅबकडे तोंड करून, परक्या माणसाला पत्ता सांगावा तसं सांगितलं, "गजराचं घड्याळ. पहिलं चाक तबकात आहे. दुसऱ्याचा स्क्रू अर्धा फिरवलाय." मग त्यावर काचेची टोपी ठेवली.

बेकरीवाला पाच वाजता येतो म्हणून गेला. बाबांनी त्याच्या घड्याळाचं पोट उघडलं. आत पिठाची बारीक पूड. "हा माणूस घड्याळसुद्धा भाजतो वाटतं." एकेक भाग निघत गेला. हात कापत नव्हते. हात कधीच कापले नव्हते. तक्रार हातांबद्दल नव्हतीच. सगळ्यात नाजूक ते बॅलन्सचं, मागंपुढं झुलून वेळ राखणारं चाक त्यांनी चिमट्यानं उचललं, दुसऱ्या तबकाच्या उजव्या टोकाला ठेवलं, आता उरलेलं पुसायचं म्हणून ब्रश हातात

ढीग: गजराचं घड्याळ / बेकरीवाल्याचं घड्याळ

फोन. आत्या.

बाबांनी आधी 'ठेवा' दाबलं. धाकटीच्या छातीत आनंदानं एक ठोका जास्त पडला. "बेकरीवाल्याचं. बॅलन्स काढून ठेवलाय. उरलेलं पुसायचंय. पाचला येणार." टोपी घातली आणि मग फोन उचलला.

आत्याचा फोन म्हणजे पूर्ण चावी दिलेलं घड्याळ; उतरल्याशिवाय थांबत नाही. गुडघा, शेजारीण, शेजारणीचा गुडघा. बाबा "हं अक्का, हो अक्का" म्हणत राहिले. दादानं वहीच्या कोपऱ्यात एक लिफ्ट काढली, तिला दोर काढला.

फोन संपला. बाबांनी 'पुढचं' दाबलं.

ढीग: गजराचं घड्याळ

"बेकरीवाल्याचं," टॅबमधून बाबा बोलू लागले, "बॅलन्स काढून ठेवलाय. उरलेलं..."

"ओ काका, दवाखाना कुठल्या बाजूला?"

दारात एक बाई उभी होती, कडेवर तापलेलं मूल. बाबा लगेच उठले. हातात काम नव्हतं, मग ठेवायचं तरी काय? दारापर्यंत गेले, रस्त्यावर उतरून हातानं वळण दाखवलं, ती वळणापर्यंत पोचली का ते बघत उभे राहिले. मग आले, बसले, टेबलाकडे पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखं 'पुढचं' दाबलं.

ढीग: रिकामा

"गजराचं घड्याळ," टॅब म्हणाला. "पहिलं चाक तबकात आहे. दुसऱ्याचा स्क्रू अर्धा फिरवलाय."

बाबांनी गजराच्या घड्याळावरची टोपी काढली आणि अर्धा स्क्रू पूर्ण फिरवला.

धाकटीला आधी काही कळेना. मग कळलं, आणि कानशिलं गरम झाली. सतरावी ओळ.

पुढचं: वाजव(घे())

बटण दाबलं की काम ढिगातून काढायचं आणि ऐकवायचं. ऐकवलं की झालं, आता ते ढिगात कशाला? किती साधं. तीन रविवारांत तिला एकदाही वाटलं नव्हतं की ऐकणं आणि काम हातात येणं यांच्यामध्ये एक रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर तापलेलं मूल घेऊन कुणीही उभं असू शकतं. तिच्या स्वतःच्या डोक्यात असा रस्ता नव्हता. तिनं ऐकलेलं तिच्याजवळ राहायचं.

बेकरीवाल्याचं घड्याळ टोपीखाली, बाबांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं. दादानं तिकडे पाहिलं. वहीत काही लिहिलं नाही, पेनाचं टोपण मात्र काढून ठेवलं.

ती मनातल्या मनात खण मोजू लागली. बोट आता शून्यावर. पण 'घे' खण पुसत नाही, नुसतं बोट खाली आणतं. एक नंबरच्या खणात बेकरीवाल्याबद्दलचं बाबांचं बोलणं अजून तसंच पडलेलं असणार, वरून दुसरं काही येईपर्यंत. लॅपटॉप टॅबला जोडलेला होता. बोट दोनवर नेऊन ठेवायला एक ओळ. बाबांना पत्ताही लागला नसता.

तिची बोटं कळांवर गेली.

"काय चाललंय?" दादा हळूच म्हणाला.

तिला बोलायची मनाई होती, पण प्रश्न त्याचाच होता. "चूक माझी आहे, दादा. बाबांची नाही. मी एका ठिकाणी घे लिहिलंय, तिथं..."

"ए धाकटे. लिफ्ट माणसं घेऊन वर निघाली की मी दोर बदलू देत नाही. दोर कुणी बांधला, ते खाली आल्यावर बघतात."

"पण दोरच कच्चा असेल तर त्यात लिफ्टचा काय..."

"आत बसलेल्यांना सांग ते."

दोघं कुजबुजत होती तेवढ्यात एक शिक्षक बॅटरी बदलायला आले. बाबांनी 'ठेवा' दाबलं. "गजराचं. दुसरं चाक निघालं, तिसरं घट्ट आहे."

ढीग: गजराचं घड्याळ

शून्याचा खण भरला. एक नंबरचा अजून शाबूत. बॅटरीचं काम दोन मिनिटांचं. बाबांनी मागचं झाकण उचकटलं आणि

ढीग: गजराचं घड्याळ / बॅटरी

फोन वाजला. आत्या. मुख्य सांगायचंच राहिलं होतं म्हणे.

"शिक्षकांची बॅटरी. जुनी काढली," बाबांनी टॅबला सांगितलं आणि एक नंबरच्या खणात बेकरीवाल्यावर शिक्षक येऊन बसले. पुसलं. आता जगात कुठंही बाबांच्या आवाजात ते वाक्य उरलं नव्हतं.

तिनं लॅपटॉप मिटला. आत्याचं मुख्य असं होतं की दुधीचा रस गुडघ्याला चांगला.

ढीग: गजराचं घड्याळ

बॅटरी बसली. शिक्षक गेले.

ढीग: रिकामा

बाबांनी गजराच्या घड्याळाचं तिसरं चाक सोडवलं, सगळं पुसलं आणि उजवीकडून बसवत आले. साडेचारला ते वाजलं, वाजायला हवं तेव्हा. त्यांनी समाधानानं 'पुढचं' दाबलं.

टॅबवर लाल अक्षरं आली: चूक. ढीग रिकामा.

"रिकामा होणं ही चूक कशी?" बाबा म्हणाले.

दादा भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत होता. धाकटी टोपीकडे बघायचं टाळत होती, आणि टाळलेली नजर लपत नाही. बाबांनी भिंग कपाळावर सरकवलं. तिच्याकडे, दादाकडे आणि मग ती दोघं जिकडे बघत नव्हती तिकडे पाहिलं.

"हे खोटं बोलतंय," ते म्हणाले. "टेबल कुठं रिकामं आहे?"

टोपी उचलून त्यांनी घड्याळ दिव्याखाली घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. धाकटीला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यावर ओळख उमटली नाही. ओळखीच्या माणसानं रस्त्यात हाक मारावी आणि आपल्याला नाव आठवू नये, तेव्हा आपण जसे हसतो, तसे बाबा त्या घड्याळाकडे बघून हसले.

"कुणाचं आहे, बाबा?" दादानं विचारलं. आवाज तपासनिसाचा नव्हता.

"ठाऊक नाही."

मग त्यांनी तबकाकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे अकरा भाग, एका ओळीत, मध्ये सारखी जागा. "पण हे मी मांडलंय," ते म्हणाले. "अशी रांग दुसरं कुणी लावत नाही. आणि शेवटी बॅलन्स निघालाय. म्हणजे अजून पुसायचं राहिलं." त्यांनी ब्रश घेतला. "पीठ आहे आत. एखाद्या आचाऱ्याचं असेल."

पाऊण तास ब्रश आणि चिमटा चालत राहिले. भाग पुसले गेले आणि उजवीकडून एकेक बसत गेले. प्रत्येक भागाला एवढंच माहीत होतं की आपल्या आधीचा कोण; सगळी ओळ कुणाच्याच लक्षात असायची गरज नव्हती. शेवटचा स्क्रू बसला. बाबांनी घड्याळ कानाला लावलं आणि डोळे मिटले.

बेकरीवाला पाच वाजून वीस मिनिटांनी आला. "उशीर झाला काका, घड्याळ नव्हतं ना." बाबांनी त्याच्या हातावर घड्याळ ठेवलं आणि त्याच्या बाह्यांवरच्या पिठाकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही अर्ध्या पुसलेल्या शब्दाचं उरलेलं अक्षर सापडलं. तो गेला.

दादानं वही मिटली. "सहाला अजून वेळ आहे, पण मी निघतो. गिऱ्हाईकाला घड्याळ मिळालं. हरवलं असं काही म्हणता येणार नाही."

"वहीत काय लिहिलंस?"

"काही नाही."

"मग लिही. शब्द मी दिला होता, फिरवतोस तू." बाबा धाकटीकडे वळले. "तू सांग. मला आठवलं का?"

"बाबा, माझी ओळ चुकली. ऐकवल्यावर काम ढिगातून काढायला नको होतं. नुसतं दाखवायचं, आणि तुम्ही 'झालं' म्हणाल तेव्हाच काढायचं. मी बघणं आणि काढणं एकच केलं. उद्या..."

"आठवलं का?"

"...नाही."

बाबांनी मान हलवली. "ओळ तू दुरुस्त करशील. तुला वाटलं, ऐकलं म्हणजे राहिलं. ज्याचं राहतं त्याला तसंच वाटायचं; माझंही कालपरवापर्यंत राहत होतं. पण ते घड्याळ माझ्या कोपरापाशी होतं गं, दिवसभर. मी दोनदा ती टोपी बाजूला सरकवून चिमटा घेतला. मला वाटलं, असेल कुणाचं तरी."

"बाबा," दादा म्हणाला, "लाल पट्टी लावतो ना आम्ही, त्यावर काय बिघडलंय ते लिहावं लागतं. दुरुस्त झालं की पट्टी काढतो. कायमची नसते ती."

"माहीत आहे. तूच मला सांगितलंयस, चार वेळा." बाबा हसले. "हे मात्र मला आठवतं बघ."

त्यांनी खालचा खण ओढला. पाकिटांमध्ये घड्याळं होती, प्रत्येकावर नाव. तिघांनी मिळून मोजली. एकतीस.

"नवीन घेणार नाही," बाबा म्हणाले. "ही एकतीस करतो. ती लोकांनी माझ्यावर सोडलेली आहेत, ती अर्धी टाकून शटर ओढणं म्हणजे पुन्हा तेच झालं. शेवटचं झालं की ओढीन. तोवर दुरुस्त कर तुझी ओळ. फोन तर येतच राहणार."

दादानं घडीची खुर्ची मिटली नाही. ती भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाला, "असू दे इथं. येत जाईन."

धाकटीनं तिथंच लॅपटॉप उघडला. सतराव्या ओळीत 'घे' खोडून 'बघ' लिहिलं. तिसरं बटण केलं: 'झालं'. मग ती लाल अक्षरांच्या ओळीवर थांबली.

"बाबा, ढीग रिकामा असेल तेव्हा यानं काय म्हणायचं? तुमच्या आवाजात काहीतरी ठेवू या. बोला, चालू केलंय."

बाबा टॅबकडे वाकले. तोंड उघडलं, मिटलं. विचार करत राहिले. दादाला खोकला येत होता, तो त्यानं दाबला. टॅबवरचा लाल ठिपका लुकलुकत होता आणि दुकानात भिंतीवरची सतरा घड्याळं आपापल्या मतानं टिकटिक करत होती.

"सुचत नाही काही," बाबा शेवटी म्हणाले. "पुसून टाक."

तिनं शेवटचे पाच शब्द कापले आणि उरलेलं वाजवून बघितलं. सतरा घड्याळं, आणि मध्येच एक श्वास.

"हे चालेल?"

बाबांनी पुन्हा एकदा वाजवायला लावलं. कान देऊन ऐकलं. "तिसरं मागं पडतंय," ते म्हणाले, आणि उठून त्याला चावी द्यायला गेले.